मुलाला मी उत्तरं शिकवली होती

घटस्फोटाच्या दाव्यात मुलाच्या ताब्यावरून वाद असला की कोर्ट बऱ्याचदा समुपदेशकांचा अहवाल मागवतं. आई-वडिलांशी बोलून, मुलाला भेटून, दोन्हीकडची घरं पाहून तो तयार होतो. माझ्या मुलाच्या बाबतीत तो तयार होत असताना मी ज्या चुका केल्या, त्या इथे एकेक करून लिहिते आहे. सगळं काही मुलाच्या प्रेमापोटी केलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावत होते. आता तसं म्हणवत नाही. त्यातलं बरंचसं मी भीतीपोटी केलं, आणि त्याचा भार आठ वर्षांच्या मुलाने उचलला. आज याच प्रसंगातून जाणाऱ्या एखाद्या आईला किंवा वडिलांना यातली एक जरी चूक टाळता आली, तरी हे लिहिल्याचं चीज होईल.

आम्ही वेगळे झालो तेव्हा मुलगा तिसरीत होता. मी त्याला घेऊन माहेरी आले. माझी बँकेतली नोकरी, घरी माझे आई-बाबा. नवरा त्याच शहरात त्याच्या आई-वडिलांसोबत राहत होता. आमच्या घरात मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं. आम्हा दोघांचं एकमेकांशी पटणं मात्र पार संपलं होतं. त्याने मुलाच्या ताब्यासाठी अर्ज केला तेव्हा मी निर्धास्त होते. मूल आईकडेच राहतं, असं आजूबाजूचे सगळेच सांगत होते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा असं म्हटलं आहे, एवढंच मी ऐकलं होतं. माझ्या मुलाने ते वय केव्हाच ओलांडलं होतं, याकडे मी लक्ष दिलं नाही. शिवाय याच कायद्याच्या तेराव्या कलमात मुलाचं कल्याण हा सर्वांत महत्त्वाचा विचार मानला आहे, हे तर मला माहीतच नव्हतं. आईपणावर माझा हक्क आहे, तो सिद्ध कशाला करायचा, या गुर्मीत मी समुपदेशकांच्या खोलीत पाऊल टाकलं.

पहिली चूक तिथेच झाली. कुटुंब न्यायालयात समुपदेशकांशी दोन निरनिराळ्या कामांसाठी गाठ पडते. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने कोर्टावर आधी समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली आहे. त्या बैठकांमधलं बोलणं गोपनीय राहतं. ताब्याच्या प्रश्नावर मात्र कोर्ट समुपदेशकांना वेगळं काम देऊ शकतं. घरचं वातावरण, आई-वडिलांचे स्वभाव आणि त्यांचं मुलाशी असलेलं नातं यांवर अहवाल द्यायला सांगितलं जातं. त्यासाठी समुपदेशक घरी येऊ शकतात, नातेवाइकांशी आणि परिचितांशी बोलू शकतात. हा अहवाल न्यायाधीशांसमोर जातो. पेरी कन्साग्रा विरुद्ध स्मृती मदन कन्साग्रा या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. मुलाचं हित ठरवण्यासाठी असा अहवाल कोर्टाला लागतो, म्हणून मध्यस्थीतल्या गोपनीयतेचा नियम त्याला लागू होत नाही.

हा फरक मला कुणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. खोली तीच होती, समुपदेशक मॅडम त्याच होत्या. आधीच्या बैठकांसारखंच हेही चार भिंतींच्या आत राहील असं धरून मी मनातला सगळा संताप बाहेर काढला. ‘भेटीचा आदेश झाला तरी मी मुलाला पाठवणार नाही, बघू कोण काय करतं,’ असं मी म्हणाले. ते वाक्य अहवालात आलं. माझ्यावर अन्याय झाला असं तेव्हा वाटलं, पण शब्द माझेच होते. बैठक कशासाठी आहे, यातलं काय कोर्टापुढे जाणार आहे, हे सुरुवातीलाच विचारता येतं. समुपदेशक ते नीट सांगतात. वकील त्या खोलीत आपल्या शेजारी बसलेले नसतात, म्हणून हे आधी समजून घेतलेलं बरं.

दुसरी चूक माझ्या हातातली जाडजूड फाइल. व्हॉट्सॲपवरच्या भांडणांचे स्क्रीनशॉट, नवऱ्याच्या उशिरा येण्याच्या नोंदी, त्याने न भरलेल्या बिलांच्या प्रती, सगळं तारीखवार लावलं होतं. मॅडमनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘मुलाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस मला सांगा.’ शाळेतून आल्यावर तो आधी काय खातो? वर्गात त्याचं कुणाशी जमतं? कशाची भीती वाटते? आजारी पडला की कुणाजवळ झोपतो? सकाळ आणि रात्र मला तोंडपाठ होती. मधले तास माझ्या आईच्या हातात असायचे. त्याला शाळेच्या बसमधून उतरवून घेणं, दूध देणं, अभ्यासाला बसवणं, हे सगळं तीच करायची.

मी ते लपवलं. नोकरी करणारी आई कमी पडते असं कागदावर येईल, या धास्तीने सगळं मीच करते असं ठोकून दिलं. मॅडम पुढे माझ्या आईशी बोलल्या, शाळेच्या डायरीवरच्या सह्या त्यांनी पाहिल्या, आणि माझं सांगणं खोटं पडलं. आजीचा आधार ही आमच्या घराची जमेची बाजू होती. मी खरं बोलले असते तर ती तशीच नोंदली गेली असती. त्याऐवजी माझ्या इतर सांगण्यावरचाही विश्वास कमी झाला. नोकरी आहे म्हणून कुणी आपल्याला नापास करत नाही. आपण नसताना मुलाजवळ कोण असतं, ते माणूस त्याला आवडतं का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं.

तिसरी चूक सर्वांत मोठी. तिच्याबद्दल लिहिताना आजही हात जड होतो. मुलाला मॅडमसमोर नेण्याच्या आधी मी त्याला उत्तरं शिकवली. कुणाकडे राहायचं असं विचारलं तर काय सांगायचं, बाबा कसे वागायचे असं विचारलं तर काय सांगायचं, हे त्याच्याकडून म्हणून घेतलं. चुकला की दुरुस्त केलं. मी या सगळ्याला परीक्षा समजले होते आणि पेपर मुलाला लिहायला लावला होता.

मॅडमनी त्याला कुणाकडे राहायचं हे विचारलंच नाही. त्यांनी त्याला कागद आणि खडू दिले, शाळेबद्दल, खेळाबद्दल, दोन्हीकडच्या आजी-आजोबांबद्दल गप्पा मारल्या. शिकवलेलं सांगायला संधीच मिळेना, तेव्हा त्याने ते आपणहून सांगितलं. ‘बाबांनी आईचा मानसिक छळ केला,’ असं तो म्हणाला. मॅडमनी त्याला विचारलं, म्हणजे काय केलं रे? त्याला सांगता येईना. तो रडायला लागला. बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, ‘आई, बरोबर सांगितलं ना मी?’ मी त्याला जवळ घेतलं आणि ‘हो’ म्हणाले. तिथेही चुकले. ‘तुला काहीच बरोबर सांगायचं नव्हतं, चूक माझी आहे,’ असं म्हणायला हवं होतं.

मुलांशी सतत बोलणाऱ्या माणसांना पढवलेलं वाक्य लगेच कळतं. मूल आपल्या वयाबाहेरचे शब्द वापरतं, तेच वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणतं, आणि एखादी घटना विचारली की गप्प होतं. अहवालात माझ्या मुलाबद्दल लिहिलं होतं की हा मुलगा आईचं मन दुखावू नये म्हणून सतत सावध असतो. माझ्या विरोधात गेलेल्या नोंदींपैकी मला सर्वांत जास्त लागली ती हीच, कारण ती खरी होती आणि मी रोज त्याच्यासोबत राहूनही मला ती दिसली नव्हती.

मुलाच्या मताला कायद्यात जागा आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. न्यायाधीश अनेकदा मुलाशी आपल्या दालनात एकांतात बोलतात. तरीही त्याचं मत हा अनेक गोष्टींपैकी एक मुद्दा असतो, आणि ते त्याचं स्वतःचं असेल तरच त्याला वजन येतं. मुलाला जाण्याआधी एवढंच सांगावं की ‘एक मावशी तुझ्याशी बोलणार आहेत, जे खरं वाटेल ते बोल, काहीही बोललास तरी मी रागावणार नाही आणि बाबाही रागावणार नाहीत. कुठे राहायचं ते ठरवणं तुझं काम नाही, ते मोठी माणसं ठरवतील.’ यापुढे एक शब्दही नको.

घरभेटीच्या वेळीही मी असंच केलं. घर घासूनपुसून लख्ख केलं, मुलासाठी नवं टेबल-खुर्ची आणली, भिंतीवर तक्ते लावले. मॅडमनी त्याला विचारलं, ‘तू अभ्यासाला कुठे बसतोस?’ त्याने स्वयंपाकघरातली ओट्याजवळची जागा दाखवली. आजी पोळ्या करते आणि तो शेजारी पाटावर बसून पाढे म्हणतो. ती जागा चांगलीच होती. तीच राहू द्यायची होती. मग त्यांनी त्याला विचारलं, बाबांनी दिलेली खेळणी कुठे आहेत? ती मी पिशवीत बांधून माळ्यावर टाकली होती. बाबांचा एकही फोटो घरात नव्हता. वडिलांनी घेऊन दिलेली सायकल खाली पार्किंगमध्ये आच्छादनाखाली धूळ खात होती, कारण ती पाहिली की मला त्रास व्हायचा. घरभेटीला येणारं माणूस फरशी किती चकचकीत आहे ते पाहत नाही. मुलाला झोपायला, खेळायला, एकटं बसायला जागा आहे का, घरातली माणसं त्याच्याशी आणि एकमेकांशी कशी बोलतात, आणि या घरात त्याला बाबांचं नाव मोकळेपणाने घेता येतं का, हे पाहिलं जातं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात ‘नाही’ असं होतं.

भेटींबाबत मी जे केलं ते कागदोपत्री नियमात बसणारं होतं, पण खोटं होतं. सुरुवातीच्या भेटी कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत ठरल्या. कधी चाचणी परीक्षा, कधी सर्दी, कधी माझ्या मावसबहिणीकडचं केळवण, अशी कारणं काढून मी त्या पुढे ढकलल्या. ज्या झाल्या त्यांनंतर घरी येताना रिक्षातच त्याची तपासणी सुरू व्हायची. काय खाल्लं, माझ्याबद्दल काय विचारलं, आजी काय म्हणाली. थोड्याच दिवसांत तो भेटीहून आल्यावर ‘मजा नाही आली’ असं परस्पर सांगून मोकळा व्हायला लागला. त्याला बाबांकडे जायचंच नाही, असा सोयीचा अर्थ मी काढला आणि तसं म्हणणं कोर्टात दाखल केलं. भेटीच्या खोलीत तो वडिलांच्या गळ्यात पडून हसत असतो, हे समुपदेशकांनी स्वतः पाहिलेलं होतं. यशिता साहू प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की मुलाला आई आणि वडील दोघांच्याही मायेचा हक्क आहे, आणि ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याशी त्याचा संपर्क पुरेसा राहायला हवा. भेट ही वडिलांवर केलेली मेहेरबानी असते, असं मी समजत होते. ती मुलाची गरज होती.

आणखी एक चूक चाचणीच्या वेळची. कुटुंब न्यायालयाला तज्ज्ञांची मदत घेण्याचा अधिकार १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या बाराव्या कलमाने दिला आहे. त्यानुसार आम्हा दोघांना मानसशास्त्रज्ञांकडे पाठवण्यात आलं. तिथल्या प्रश्नावलीत मी आदर्श बाई व्हायचं ठरवलं. मला राग येत नाही, मी कधीच खोटं बोलत नाही, मला कुणाचा हेवा वाटत नाही, अशाच खुणा करत गेले. व्यक्तिमत्त्वाच्या अनेक चाचण्यांमध्ये स्वतःला जास्त चांगलं दाखवण्याची धडपड ओळखण्याची सोय मुद्दाम केलेली असते. माझ्या अहवालात ती धडपड नोंदली गेली. त्या काळात मला झोप येत नव्हती, मी चिडचिड करत होते, एकदा मुलावर हातही उगारला होता. हे खरं सांगून ‘मी यासाठी मदत घेते आहे’ एवढं म्हटलं असतं तर ते जबाबदार आईचं उत्तर ठरलं असतं.

आणि मग तो प्रश्न आला, ज्याने मला आतून हलवलं. शेवटच्या बैठकीत मॅडम म्हणाल्या, ‘वडील म्हणून त्यांच्या तीन चांगल्या गोष्टी सांगा.’ मी गप्प बसले. त्यांनी थांबून वाट पाहिली. मी म्हणाले, ‘काही नाही.’ मुलाला दम्याचा त्रास व्हायचा तेव्हा रात्र-रात्र त्याला खांद्यावर घेऊन बसणारा, त्याला सायकल शिकवताना मागे धावणारा, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी पुठ्ठ्याचा मुकुट करून देणारा माणूस मला माहीत होता. त्यातलं काहीही माझ्या तोंडून निघालं नाही. नवऱ्याला हाच प्रश्न विचारला गेला, हे मला अहवाल वाचल्यावर कळलं. त्याने सांगितलं होतं की मुलाची शिस्त, वाचनाची आवड आणि औषधांची काळजी हे सगळं आईमुळे आहे. त्याच्याही चुका अहवालात होत्या, त्याच्या रागाबद्दल स्पष्ट लिहिलं होतं. पण या एका प्रश्नावर तो माझ्यापेक्षा सरळ वागला.

अहवाल हातात आल्यावर मी म्हणाले, ‘या बाई त्यांच्या बाजूच्या आहेत, विरोध करायचा.’ अहवालावर आक्षेप घेता येतो, आणि त्यात तथ्याची चूक असेल तर तो जरूर घ्यावा. अहवाल म्हणजे निकाल नव्हे, शेवटचा निर्णय सगळा पुरावा पाहून न्यायाधीशच देतात. माझ्या वकिलांनी मला विचारलं, ‘यात खोटं काय आहे ते दाखवा, तेवढ्यावर आक्षेप घेऊ.’ मी अहवाल घरी नेऊन पुन्हा पुन्हा वाचला. दोन तारखा चुकल्या होत्या. बाकी खोटं काही सापडलं नाही.

समोरच्या वकिलांनी मी मुलाचं मन वडिलांविरुद्ध जाणूनबुजून कलुषित केलं असा आरोप केला होता. २०१७ मध्ये विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असं कलुषित करणं मुलासाठी किती घातक असतं हे मांडलं आहे. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने असा शिक्का घाईने कुणावर मारू नये असंही बजावलं आहे, एकेका वागणुकीचा पुरावा पाहावा असं सांगितलं आहे. आमच्या कोर्टानेही शिक्का मारला नाही. ताबा माझ्याकडे राहिला. वडिलांना शनिवार-रविवारचा मुक्काम, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीचा अर्धा-अर्धा वाटा मिळाला. आम्हा दोघांनाही समुपदेशन घ्यायला सांगितलं गेलं. लोकांनी मी जिंकले म्हणून पेढे मागितले. मी दिले नाहीत. मुलाने पुढे कितीतरी महिने बाबांकडून आल्यावर माझा चेहरा पाहून मगच बोलायचं धोरण ठेवलं. ते सुटायला खटला संपण्यापेक्षा जास्त काळ लागला.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. ज्यांच्या घरात मारहाण, मुलाशी गैरवर्तन किंवा व्यसनामुळे धोका असेल, त्यांना माझा हा अनुभव लागू नाही. तिथे गप्प राहू नये. मी भांडखोर दिसेन, असहकार करणारी दिसेन, या भीतीने धोका लपवणं मुलाच्या जिवावर बेतू शकतं. काय घडलं, केव्हा, कुणासमोर, दवाखान्याचे कागद कुठे आहेत, हे समुपदेशकांना पहिल्याच बैठकीत सांगावं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि भेटीतून मुलाला इजा होईल असं दिसलं तर दंडाधिकारी भेट नाकारूही शकतात.

बाकी आपल्यासारख्यांनी तयारी करायची ती मुलाची नाही, स्वतःची. शाळेचं प्रगतिपुस्तक, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांचे कागद, घरात कोण कोण आहे आणि दिवसभर मूल कुणाजवळ असतं याची साधी टिपणी, एवढे कागद पुरतात. आरोपांची फाइल वकिलांकडे राहू द्या, तिची जागा साक्षीपुराव्यात आहे. बैठकीला वेळेवर जा, माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणा, चुकलं असेल तिथे चुकलं म्हणा. ठरलेली भेट चुकवू नका, आणि भेटीहून आलेल्या मुलाला जेवायला वाढा, प्रश्न विचारू नका. ताब्याचे आदेश परिस्थिती बदलली की बदलता येतात, त्यामुळे एका अहवालाने आयुष्य संपत नाही. मुलाच्या मनात बसलेली धास्ती मात्र कुठल्याही आदेशाने निघत नाही.

उद्या तुमची समुपदेशकांकडे तारीख असेल तर आज रात्री एकच काम करा. मुलाच्या दुसऱ्या पालकाच्या तीन चांगल्या गोष्टी कागदावर लिहा. जमेपर्यंत लिहा. आणि मुलाला एकही उत्तर शिकवू नका.